शून्य वाचायला शिकवणारे वर्ग

३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर येथून आलेल्या एका नमुन्याचा अहवाल पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतून बाहेर पडला आणि भारतात कोविडच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली. त्या दिवसांत या चाचणीसाठी देशाची सारी भिस्त जवळजवळ या एका संस्थेवर होती. जून संपता संपता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. यंत्रे विकत घेता येतात, रसायने विमानाने मागवता येतात. परंतु एक मायक्रोलिटर द्रव अचूक उचलणारा, नळीचे झाकण कधी उघडायचे आणि कधी मुळीच उघडायचे नाही हे जाणणारा हात पाच महिन्यांत हजार ठिकाणी कोठून आला? याचे उत्तर काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आहे. विज्ञानाच्या इतिहासात शोधांची आणि शोधकांची चरित्रे विपुल आहेत. या वर्गांविषयी मात्र तुरळकच लिहिले जाते. भारतापुरते पाहिले तर या वर्गांचे दोन प्रवाह दिसतात. एक संशोधकांचा, दुसरा तंत्रज्ञांचा. जवळपास साठ वर्षे ते एकमेकांना फारसे न भेटता वाहत राहिले. आणि गमतीची गोष्ट अशी की दोहोंमध्ये शिकवले जाणारे गणित एकच होते.

पहिल्या प्रवाहाचा उगम भारताबाहेर आहे. माक्स डेलब्रुक हा बर्लिनमध्ये जन्मलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. नील्स बोर यांच्या सहवासात तो जीवशास्त्राकडे वळला आणि १९३७ मध्ये अमेरिकेत गेला. जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंमध्ये, म्हणजे फाजमध्ये, त्याला जीवशास्त्राचा हायड्रोजन अणू दिसला: इतकी साधी वस्तू की तिच्यावर नेमके, मोजता येण्याजोगे प्रश्न विचारता यावेत. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया यांच्यासह त्याने जिवाणूंमधील उत्परिवर्तने आपोआप घडतात हे संख्याशास्त्राच्या आधारे दाखवून दिले. पुढे १९६९ मध्ये लुरिया आणि हर्शी यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. तथापि त्याच्या कार्याचा एक मोठा भाग कोणत्याही शोधनिबंधात सापडत नाही. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्याने फाजविषयक अभ्यासवर्ग सुरू केला. हा वर्ग पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ दर उन्हाळ्यात भरत राहिला.

प्रवेशासाठी जीवशास्त्राची पदवी आवश्यक नव्हती; आकडेमोड यावी लागे. उमेदवाराला साधा गुणाकार-भागाकार बिनचूक करता येतो की नाही, हे डेलब्रुक खरोखरच तपासत असे. यात विक्षिप्तपणा वाटला तरी त्यामागे कारण होते. वर्गातील बहुतेक प्रयोग म्हणजे एखादा द्रव दहापट, शंभरपट, लाखपट विरळ करायचा आणि मग उरलेले थोडे कण मोजायचे. विरलीकरणात एक शून्य चुकले की पुढचे सारे व्यर्थ.

या मोजणीचे मर्म एका साध्या उदाहरणात सांगता येते. जिवाणूंच्या द्रावणाच्या शंभर छोट्या नळ्या घ्याव्यात आणि त्यांत फाज इतका विरळ करून घालावा की प्रत्येक नळीच्या वाट्याला सरासरी एक कण यावा. प्रत्येक नळीत नेमका एकच कण जाईल, असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात काहींत दोन जातात, काहींत तीन, आणि सुमारे ३७ नळ्यांत एकही जात नाही. ज्या नळ्यांत फाज शिरला तेथील जिवाणू फुटून द्रावण निवळते. रिकाम्या नळ्या गढूळच राहतात. गढूळ राहिलेल्या नळ्यांचा हिस्सा मोजला की मूळ द्रावणात किती कण होते ते काढता येते. पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे वितरण एकोणिसाव्या शतकापासून पुस्तकांत होते. पण पुस्तकात वाचणे वेगळे आणि सकाळी नऊ वाजता आपल्याच हाताने भरलेल्या शंभर नळ्यांपैकी ३७ गढूळ राहिलेल्या पाहणे वेगळे. शून्य हाही एक निकाल आहे आणि त्याचा अर्थ ‘तेथे काही नाही’ इतका सरळ नसतो, हे कळायला काही आठवडे पुरत. त्यासाठी शिकवणारा मात्र शेजारी उभा असावा लागे.

या वर्गाने जीवशास्त्रात कितीतरी परके लोक आणले. १९४७ च्या वर्गात लिओ झिलार्ड होता. अणुकेंद्रीय साखळी प्रक्रियेची कल्पना प्रथम ज्याला सुचली तोच हा भौतिकशास्त्रज्ञ. हिरोशिमानंतर तो जीवशास्त्राकडे वळला होता. पुढच्या वर्षी अर्धवाहकांवर काम करणारा सीमोर बेन्झर आला आणि काही वर्षांत त्याने जनुकाच्या आतील रचनेचा सूक्ष्म नकाशा काढला.

झिलार्डचे नाव येथे भारतासाठी महत्त्वाचे ठरते. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यातून आलेले, अलीगढमध्ये शिकलेले ओबेद सिद्दिकी यांनी ग्लासगो येथे ग्विदो पोन्तेकोर्व्हो यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती. नंतर अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्यासह ते जिवाणूंतील अशा उत्परिवर्तनांवर काम करत होते, जी प्रथिनाची घडण मध्येच थांबवतात. या तरुणाविषयी झिलार्डने होमी भाभांना लिहिले. भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले आणि १९६२ मध्ये तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. गणित आणि भौतिकशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत जिवाणूंच्या थाळ्या आल्या. पी. बाबू आणि के. एस. कृष्णन यांच्यासारखे भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेले संशोधक याच विभागात जीवशास्त्रज्ञ झाले. १९७५ पासून महाबळेश्वर येथे आधुनिक जीवशास्त्रावरील परिसंवाद भरू लागले. आपल्या विद्यापीठात ज्या विषयाचा शिक्षकही नव्हता, तो विषय प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून समजून घेण्याची संधी देशभरच्या तरुण अभ्यासकांना तेथे मिळू लागली. १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाल्यावर अशा अल्पकालीन वर्गांना सरकारी निधीही मिळू लागला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रासारख्या संस्थांत प्राध्यापक आणि संशोधक येऊन डीएनए वेगळा करणे, तो कापणे, जोडणे हे हाताने शिकून जात.

हा प्रवाह तेजस्वी होता, यात शंका नाही. पण तो संशोधन संस्थांच्या आवारातच राहिला. जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध नव्हता. त्या माणसाचे शिक्षण दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच हेतूने सुरू झाले होते.

१९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने क्षयरोगाचे भीषण चित्र समोर आणले. दर हजार लोकांमागे सुमारे चारजणांच्या थुंकीत क्षयजंतू होते आणि खेडी शहरांइतकीच ग्रासलेली होती. आरोग्यधामांतील खाटांनी भागणार नाही हे उघड होते. १९५९ मध्ये मद्रासच्या प्रयोगाने दाखवले की घरी राहून औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. मग उरला एकच प्रश्न: रुग्ण शोधायचा कसा? त्याच वर्षी बंगळुरूमध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे तिला साहाय्य होते. पुढील वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले.

या संस्थेत समाजशास्त्रीय दृष्टीने काम करणाऱ्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन रुग्णांनाच विचारले. लोक अडाणी आहेत, त्यांना आजार कळत नाही, ही तज्ज्ञांची ठाम समजूत त्यात कोसळली. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली होती. म्हणजे रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत होता; दवाखाना रोगापर्यंत पोहोचत नव्हता. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम या निष्कर्षावर उभा राहिला. प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र असावे आणि खोकणाऱ्या माणसाची थुंकी जवळच्या सरकारी दवाखान्यातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जावी, अशी ती योजना. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि उपचार संघटक यांचे चमू बंगळुरूला काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी येऊ लागले. पूर्ण चमूने एकत्र शिकायचे, ही कल्पना आजही दुर्मीळ आहे.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ जी परीक्षा शिकत असे, ती १८८० च्या दशकातली, झील आणि नीलसन या जर्मन वैद्यकांच्या नावाची. क्षयजंतूच्या पेशीभोवती मेणासारखे जाड आवरण असते. काचपट्टीवर थुंकीचा थर पसरून, वाळवून, त्यावर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचे आणि खालून वाफ निघेपर्यंत तापवायचे, उकळू मात्र द्यायचे नाही. आवरण मऊ होऊन रंग आत शिरतो. मग गंधकाम्लाने धुतले की बाकी सर्व पेशींचा रंग निघून जातो, क्षयजंतूचा जात नाही. शेवटी निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. हे सारे चार वाक्यांत लिहून होते. हाताला यायला वेळ लागतो. थर किती पातळ असावा? वाळलेल्या काचपट्टीखाली छापील कागद धरला तर अक्षरे वाचता यावीत इतका. थुंकी कशाने उचलायची? मोडलेल्या खराट्याच्या काडीने, कारण तिचे खरखरीत टोक घट्ट बेडक्याचा नेमका पिवळसर भाग पकडते आणि ती वापरून जाळून टाकता येते. भिंगावरचे तेल एका काचपट्टीवरून दुसरीवर गेले तर निरोगी माणसाच्या नावावर आधीच्या रुग्णाचे जंतू जमा होतात. ही माहिती ज्ञानकोशात शोधून मिळत नाही. ती शिकवणाऱ्याच्या तोंडून येते.

आणि मग मोजणी. काचपट्टीवर काहीच दिसले नाही, तर ‘नाही’ असे केव्हा लिहायचे? नियम असा की निदान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. यामागचे गणित बंगळुरूच्या वर्गात कोणी पॉयसाँचे नाव घेऊन सांगत असेल-नसेल, पण ते तेच आहे. एखाद्या काचपट्टीवर शंभर क्षेत्रांमागे सरासरी एकच जंतू असेल, तर शंभर क्षेत्रे प्रामाणिकपणे पाहूनही तो न दिसण्याची शक्यता ३७ टक्के उरते. तीन असतील तर ती पाच टक्क्यांवर येते. कंटाळून वीसच क्षेत्रे पाहिली, तर तीन जंतूंचा रुग्णही दहापैकी पाच-सहा वेळा निसटतो. (जंतू पुंजक्यांनी राहतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब याहून वाईट.) शिवाय एक मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ही परीक्षा सहसा त्यांना पकडतच नाही. डेलब्रुकच्या वर्गातील गढूळ नळी आणि तंत्रज्ञापुढची रिकामी काचपट्टी एकच गोष्ट सांगत होत्या. पहिलीमुळे शोधनिबंध चुकला असता. दुसरीमुळे कोणीतरी खोकल्याची बाटली घेऊन घरी परतले असते.

हा प्रवाह पुढे कसा वाहिला, हे सांगताना कौतुकाला लगाम घालावा लागतो. बंगळुरूत जे शिकवले गेले ते जिल्ह्यात टिकले नाही. १९९२ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची विकास सहकार्य संस्था यांनी मिळून कार्यक्रमाचा आढावा घेतला. निदानासाठी क्ष-किरणांवर अवाजवी भर होता, थुंकीतपासणीचा दर्जा खालावला होता, औषधे अपुरी होती आणि पूर्ण उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण निराशाजनक होते. शिकून आलेल्या तंत्रज्ञाचा अहवाल कोणी तपासत नसेल, डॉक्टरही त्यावर विसंबत नसेल, तर शंभर क्षेत्रे पाहणारा हळूहळू वीस पाहू लागतो. यात त्या माणसाला दोष देण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोयीची आहे, न्याय्य नाही. कौशल्य शिकवणे आणि कौशल्याला मान देणे ही दोन कामे होती आणि यंत्रणेने एकच केले होते.

१९९३ पासून प्रायोगिक स्वरूपात आणि १९९७ पासून देशभर विस्तारत गेलेल्या सुधारित कार्यक्रमाने दुसरे काम हाती घेतले. दर लाख लोकवस्तीमागे एक तपासणी केंद्र आले, आणि एकनेत्री सूक्ष्मदर्शकांच्या जागी द्विनेत्री. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आटोपशीर, ठरावीक पाठांचे झाले. शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू दिसले तर नेमकी संख्याच लिहावी, असे श्रेणींचे नियम पक्के झाले. सर्वांत महत्त्वाची होती काचपट्ट्यांची पेटी. पाहून झालेली काचपट्टी फेकायची नाही, पेटीत जपून ठेवायची. दर महिन्याला त्यांतल्या काही निवडून दुसऱ्या वाचकाकडे जात आणि पहिला निकाल काय होता हे त्याला सांगितले जात नसे. वर्गात शिकवलेला स्वतःच्या निकालाविषयीचा संशय अशा रीतीने रोजच्या कामाचा भाग झाला. मार्च २००६ पर्यंत हा कार्यक्रम संपूर्ण देशात पोहोचला.

या दोन प्रवाहांच्या मध्ये एक प्रसंग उभा आहे. १९८६ मध्ये चेन्नईत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला एचआयव्हीचा शोध घेण्याचा विषय दिला. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. भारतात हा विषाणू नाहीच, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. निर्मला यांनी गोळा केलेले रक्तनमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, कारण एलायझा चाचणीची सोय तेथे होती. सहा नमुने पिवळे झाले. त्यावर लगेच घोषणा झाली नाही. त्या व्यक्तींचे रक्त पुन्हा घेतले गेले आणि वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीसाठी नमुने अमेरिकेत गेले. तेथून खात्री पटल्यावरच देशाला सांगितले गेले. नवीन तंत्र, लहानशी प्रयोगशाळा, आणि ‘आहे’ या उत्तरावरही अविश्वास दाखवण्याची शिस्त. पुढील तीन दशकांत निदानशास्त्राला जे हवे होते ते सारे त्या एका घटनेत आहे.

१९८३ मध्ये कॅरी मुलिसला सुचलेल्या पीसीआर तंत्राने या शिस्तीची किंमत वाढवली. डीएनएचा एक धागा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. म्हणजे संपलेल्या चाचणीच्या नळीचे झाकण निष्काळजीपणे उघडले, तर हवेत उडालेल्या अदृश्य थेंबात पुढच्या आठवड्यातील सर्व रुग्णांना बाधित ठरवण्याइतका ऐवज असतो. सूक्ष्मदर्शकाखाली चूक झाली तरी काचपट्टी पेटीत पुराव्यादाखल राहत असे. येथे पुरावाच प्रदूषण बनतो. म्हणून रेणवीय चाचणीच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या खोल्या असतात: एका खोलीत रसायनांचे मिश्रण, दुसरीत नमुन्यातून डीएनए काढणे, तिसरीत संवर्धन. माणूस आणि साहित्य एकाच दिशेने जातात; शेवटच्या खोलीतला अंगरखा पहिल्या खोलीत येत नाही. प्रत्येक खेपेला एका नळीत नमुन्याऐवजी नुसते पाणी घालतात. ती नळी रिकामी निघाली नाही, तर त्या खेपेतील एकही अहवाल बाहेर जात नाही. जुनी काचपट्ट्यांची पेटी जे काम महिन्यानंतर करत असे, ते ही पाण्याची नळी त्याच तासात करते.

२००८ नंतर औषधप्रतिरोधी क्षयरोगाच्या निदानासाठी भारतातील संदर्भ प्रयोगशाळांत अशा खोल्या उभ्या राहू लागल्या. २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने बंद कुपीत सर्व प्रक्रिया आपोआप करणाऱ्या यंत्राची शिफारस केली. भारतात ते सीबीनॅट या नावाने परिचित आहे. ते एका मिलिलिटरमध्ये शंभर-दीडशे जंतू असले तरी पकडते. त्यापाठोपाठ बंगळुरूच्या बिगटेकमध्ये विकसित झालेले आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेले, विजेरीवर चालणारे ट्रूनॅट आले आणि निदान वातानुकूलित खोलीतून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर गेले. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. अशा यंत्रांमुळे प्रशिक्षण एक-दोन दिवसांवर आले. हा लाभ मोठा आहे. मात्र यंत्राने हाताचे काम कमी केले की शिकवणाऱ्यांना विचारशक्तीही वगळण्याचा मोह होतो. ट्रूनॅटमध्येसुद्धा शेवटचे काही मायक्रोलिटर तंत्रज्ञालाच चिपवर सोडावे लागतात, आणि यंत्राने ‘त्रुटी’ दाखवली तर पुढे काय करायचे हे कोणतीही चिप सांगत नाही.

२०२० मध्ये दोन प्रवाह अखेर एकत्र आले, तेही टाळेबंदीत. २०१३ पासून उभारल्या जात असलेल्या विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांचे शंभराहून अधिक केंद्रांचे जाळे हा पाया होता आणि पुण्याची संस्था त्याची मार्गदर्शक. त्याशिवाय दिल्लीचे एम्स, चंडीगडचे पीजीआय, बंगळुरूचे निमहान्स, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय अशा चौदा संस्थांवर नवीन प्रयोगशाळांना घडवण्याची जबाबदारी सोपवण्यात आली. हैदराबादचे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे आवार येथेही चाचण्या सुरू झाल्या. यांतील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सिद्दिकींनीच उभारलेले. डेलब्रुकच्या वर्गाची ही परंपरा आता जिल्हा रुग्णालयातून आलेल्या घशाच्या नमुन्यांपर्यंत पोहोचली होती.

शिकवणी मात्र एकतर्फी झाली नाही. संशोधक विद्यार्थ्याला आरएनए वेगळे करणे, आलेखाचा आकार वाचणे, संशयास्पद वक्र ओळखणे येत होते. पण शोधनिबंधासाठी प्रयोग तीनदा करता येतो. रुग्णाचा नमुना एकदाच येतो आणि त्यावर नाव असते. शेकडो नमुने एकाच दिवसात हाताळताना चिठ्ठीची अदलाबदल होऊ न देणे, गळकी कुपी नाकारणे, संसर्गजन्य नमुना सुरक्षा कक्षातच उघडणे, अहवाल वेळेत आणि ठरलेल्या नमुन्यातच देणे ही विद्या रुग्णालयाच्या तंत्रज्ञांकडे होती. अनेक संशोधन प्रयोगशाळांत पहिले काही दिवस हेच शिकण्यात गेले.

या घाईच्या वर्गांतून कोणता भाग निसटला, हेही लवकरच दिसले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राने विचारणा केली की ‘सीटी’ मूल्याची मर्यादा २४ धरावी काय. संशोधन परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली. सीटी म्हणजे किती फेऱ्यांनंतर संकेत दिसू लागला तो आकडा. ३५ आणि २४ यांत अकरा फेऱ्यांचे अंतर, म्हणजे विषाणूच्या प्रमाणात सुमारे दोन हजारपट फरक. मर्यादा खाली आणली असती तर बरेच संसर्गित लोक कागदावर निरोगी ठरले असते. शिवाय हा आकडा संच, यंत्र आणि नमुना घेणाऱ्याचे कौशल्य यांवर अवलंबून असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे सरळ तुलनेचे नसतात. पण तोवर घरोघरी लोक अहवालातला सीटी तापमापकासारखा वाचू लागले होते आणि त्यांना तसे न करण्यास सांगू शकणारे थोडेच होते. पस्तिशीच्या आसपास नळीत मोजकेच रेणू असतात. एका नळीत सरासरी तीन रेणू आले तरी शंभरपैकी पाच नळ्यांत एकही येत नाही, आणि तोच नमुना आज ‘आहे’ तर उद्या ‘नाही’ म्हणतो. पुन्हा तीच गढूळ नळी.

लाट ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्या अनेक तंत्रज्ञांची मुदत संपली. त्याच सुमारास रेणवीय निदानाचे प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी वर्गांच्या जाहिराती वाढल्या. त्यांतले काही चांगले आहेत. काहींत तीस विद्यार्थी एका पिपेटभोवती उभे राहून प्रात्यक्षिक पाहतात. फरक ओळखण्याची एक सोपी खूण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी: पहिल्या दिवशी तराजू येतो काय. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे शंभर मिलिग्रॅम भरते. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दहा वेळा पाणी उचलून तराजूवर सोडायचे आणि दहा आकडे लिहायचे. पहिल्या खेपेला ९१ ते १०७ असे काहीतरी येते आणि वर्गात हशा पिकतो. तिसऱ्या दिवशी तेच आकडे ९९ ते १०१ च्या आत येऊ लागतात. या अभ्यासाला रसायनांचा खर्च जवळजवळ शून्य आहे. शिकवणाऱ्याचा वेळ मात्र लागतो, आणि महाग तोच असतो.

बंगळुरूची क्षयरोग संस्था आज राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे आणि तेथील प्रशिक्षण चालूच आहे. संदर्भ प्रयोगशाळांतून ठरावीक काळाने सांकेतिक क्रमांकांचे नमुनासंच खालच्या प्रयोगशाळांना जातात. तंत्रज्ञाने ते नेहमीच्या नमुन्यांसारखेच तपासून निकाल परत कळवायचे असतात. संचातील काही नमुन्यांत जंतू भरपूर असतात, काहींत जेमतेम, आणि काहींत मुळीच नसतात. कोणत्यांत नसतात, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते.